कुमुदचा हुंकार

या, अशा जवळ येऊन बसा. उंबऱ्यापाशी बसलं की गोष्ट ऐकू येत नाही, नुसता आवाज ऐकू येतो. आमच्या लोहाऱ्यातल्या एका घराची गोष्ट सांगते. हिच्यात राजा आहे, दोन राण्या आहेत, वनात निघून गेलेलं लेकरू आहे, आणि एक जपानी कार्टूनमधली मुलगीही आहे. हसू नका. मीही आधी हसलेच होते.

कमलाकरराव आमचे शेजारी, भिंतीला भिंत लागून. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी कागदांवर केली, हेडक्लार्क होऊन रिटायर झाले. माणूस सरळ, पण बोलणं फाइलीतलं. भाजीवालीनं भाव जास्त सांगितला तर म्हणायचे, "बाई, पुनर्विचार व्हावा." बायको सुहासिनी अगदी उलटी. तिला कीर्तनाचं वेड. यवतमाळात कुठंही कीर्तन उभं राहिलं की आम्ही दोघी ऑटो करून निघायचो. ती बुवांच्या अगदी समोर बसायची आणि आख्यान रंगलं की मोठ्यानं हुंकार द्यायची, "हूंऽ!" एकदा बुवा चिपळ्या थांबवून म्हणाले होते, "मावशी, तुम्ही आहात म्हणून माझी गाडी चढ चढते."

हुंकार म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. गोष्ट चालू असली की ऐकणाऱ्यानं मधूनमधून हूं म्हणायचं. हूं थांबला की समजायचं, लेकरू झोपलं. मग गोष्ट तिथंच ठेवून पांघरूण नीट करायचं.

त्यांना एकच मुलगी, अनघा. शिकायला पुण्याला गेली, तिथंच नोकरीला लागली. लॉकडाऊनमध्ये घरी आली आणि मागच्या खोलीत बसून काम करू लागली. पुढं ते काम सुटलं. खोली मात्र सुटली नाही. आधी ती कुणी पाहुणे आले की आत जायची, मग आम्ही शेजारी आलो की, मग आई-बाप समोर असले तरी. काय झालं होतं तिला? कुणी म्हणे प्रेमात फसली, कुणी म्हणे नोकरीचा धसका घेतला. सुहासिनीनं नागपूरच्या डॉक्टरला दाखवायचं ठरवलं, गाडीही बोलावली. अनघा दाराआडून एवढंच म्हणाली, "आई, आज नको." तो आज काही सरला नाही.

जेवणाचं ताट दाराबाहेर स्टुलावर ठेवायचं. रिकामं ताट मागाहून तिथंच सापडायचं. आतून लॅपटॉपचा बारीक आवाज दिवसभर यायचा. मोठ्या डोळ्यांची जपानी कार्टून. बोलणं पोरींचं, कळत काही नाही, मधूनच पियानोसारखं काही वाजायचं.

सुहासिनीनं एक केलं. ती रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावून अनघाच्या दाराशी चटई टाकायची आणि ऐकलेलं कीर्तन सांगायची. चालीवर म्हणून दाखवायची, बुवांसारखी थांबायची. थांबली की आतून यायचा, "उं." बारीक, नाकातला. मग हिची गाडी पुढं निघायची.

"काल चांगला हुंकार दिला हो तिनं," सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना मला सांगायची. "अगदी मनातून."

मागच्या माघात सुहासिनी गेली. छातीत दुखतं म्हणाली, दवाखान्यात नेलं, दोन रात्री काढल्या आणि गेली. अनघा दवाखान्यात आली नाही. घरी आणलं तेव्हा बाहेर आली, आईच्या पायांशी बसली, कुणाकडे बघितलं नाही. बायका आपसात कुजबुजल्या, "जिवंतपणी भेटायले जमलं नाही अन आता पाय धरून राह्यली." ते तिनं ऐकलं असावं. मयत उचलल्यावर ती आत गेली ती गेलीच.

दिवस झाले, पाहुणे गेले. घरात दोन माणसं, मध्ये एक दार. कमलाकररावांना मुलीशी बोलायचं होतं, पण सवय कुठं होती? सगळं बोलणं बायकोमार्फत झालेलं. संध्याकाळी त्यांनी तीच चटई टाकली, मांडी घातली, आणि म्हणाले, "अनघा, टाकी भरली आहे."

आतून काही नाही.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "दूध उद्यापासून अर्धा लिटरच सांगितलं आहे."

काही नाही.

हे त्यांनीच मला पुढं सांगितलं. तेव्हा मात्र फक्त कुंपणापाशी आले नि चाचरत म्हणाले, "वहिनी, कीर्तनाला तुम्ही केव्हा निघता?"

कधीमधी सुहासिनीला देवळापाशी सोडलं तरी बाहेरूनच स्कूटर वळवणारा हा माणूस. चप्पलसुद्धा कधी देवळाबाहेर काढली नव्हती.

कीर्तनाला बसले ते मीटिंगला बसल्यासारखे, हाताची घडी घालून, बुवांवर नजर. टाळ्या वाजवायच्या तिथं थोडे उशिरा वाजवायचे. परत येताना ऑटोत मला विचारत, "ती धाकटी राणी ना, तिचं नाव काय म्हणालात?" आणि घरी जाऊन दाराशी कथा सांगत. भिंतीतून मला ऐकू यायची. हसावं की रडावं कळायचं नाही.

"सदर राजास दोन राण्या होत्या. पैकी थोरली सुनीती, धाकटी सुरुची. थोरलीच्या पोटी ध्रुव. एके दिवशी ध्रुव हा राजाच्या मांडीवर बसण्यास गेला असता, धाकट्या राणीनं त्यास मज्जाव केला..."

आणि आतून आला. "उं."

सकाळी ते कुंपणाशी उभे. डोळे लाल. "वहिनी, दिला हो. मलाही दिला."

"द्यायचीच," मी म्हटलं. "पोर आहे तुमची."

तिथून पुढं त्यांच्यात जीव आला. दूधवाला धावजी फाटकातून मुद्दाम मोठ्यानं विचारायचा, "काकाजी, ताई दिसून नाही राह्यल्या, लगन करून देल्लं का गुपचूप?" पूर्वी ते मान खाली घालून पातेलं पुढं करायचे. आता म्हणाले, "हो रे. आणि तू दूध पाण्याचं आणतोस म्हणून तुला बोलावलं नाही." धावजी इतका हसला की मापाचं दूध सांडलं.

दर संध्याकाळी गोष्ट. प्रल्हाद झाला, सुदामा झाला, हरिश्चंद्र झाला. आतून अधूनमधून उं. आपण नीट सांगितलं की येतो, घाईनं सांगितलं की येत नाही, असं त्यांनी मनाशी ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

मग उन्हाळा आला. उन्हाळ्यात आमच्याकडे लाइट केव्हा जाईल सांगता येत नाही. ते सुदामा दुसऱ्यांदा सांगत होते. सुदाम्याची बायको पोहे बांधून देते तिथं थांबले आणि आतून आला, "उं." तेवढ्यात लाइट गेली. पंखा मंदावला, कार्टूनचा आवाज बंद. तिच्या लॅपटॉपची बॅटरी कधीचीच गेलेली, वायर लावूनच चालायचा. ते गोष्ट सांगत राहिले. थांबले. काही नाही. पुन्हा थांबले. काही नाही. दुखावली की काय, म्हणून सुदाम्याला त्यांनी द्वारकेच्या दारातच उभं ठेवलं.

लाइट आली. आत लॅपटॉप सुरू झाला, मघाचंच चित्र थोडं मागून लागलं. तेच पियानो, तेच कुणा मुलीचं लांबलचक बोलणं, आणि त्याच्या शेवटी, "उं."

मघाचाच. तोच सूर, तीच लांबी, शेवटी तोच श्वास.

ते उठले, माझ्याकडे आले आणि ओट्यावर बसले. पाणी दिलं ते हातात तसंच.

"वहिनी, तुम्ही इतकी कीर्तनं ऐकली. एक सांगा. माणसाचा हुंकार दोनदा अगदी सारखा येतो का हो?"

मी म्हटलं, "काहून? काय झालं?"

त्यांनी सांगितलं. मला आधी खरंच हसू आलं. कार्टूनमधली बाहुली सुदाम्याला हुंकार देते! पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि ते हसू तिथंच राहिलं.

"माझं जाऊ द्या," ते म्हणाले. "मला सांगता येत नाही, मला कोण हुंकार देईल. पण आमची ही? ही बिचारी इतके दिवस... हिला कोण देत होतं? तुम्हाला सांगायची ना ती, मनातून दिला म्हणून? वहिनी, ती त्या समजुतीवर गेली."

जन्मभर निरूपणं ऐकली, यावर कुणी निरूपण केलेलं मला आठवेना. तरी बोलले, "तुम्ही उद्या पुन्हा जाऊन बसा."

"कुणापुढं बसू?"

"दारापुढं बसा. दार तर खरं आहे."

ते गेले. दुसऱ्या दिवशी देवळात कीर्तन नव्हतं, नवीन सांगायला काही नव्हतं. तरी संध्याकाळी चटईवर जाऊन बसले. पुन्हा ध्रुवाचीच कथा काढली. मन ठिकाणावर नाही. भिंतीपलीकडे मी जपाची माळ हातात घेऊन बसले होते, पण नाम कुठलं, सगळे कान तिकडे.

"सदर राजा सिंहासनावर बसलेला असता ध्रुव तिथं आला. मांडीवर चढू लागला. तर ती सुनीती पुढं आली आणि तिनं त्याला हाताला धरून खाली ओढलं. म्हणाली, ही जागा तुझी नाही..."

आतून, पियानोच्या सुरातून, "उं."

ते थांबले. आणि तेव्हा आत लॅपटॉपचा आवाज बंद झाला. भिंतीच्या अलीकडे मलाही ते कळलं, इतकी शांतता झाली. आणि आला.

"ऊंहूं."

हूं नव्हे. ऊंहूं. लेकरू चमच्याला मान फिरवतं ना, तसा.

"सुरुचीनं ओढलं, बाबा," अनघा म्हणाली. आवाज किती दिवसांचा न वापरलेला, खरखरीत. "सुनीती त्याची आई होती."

कमलाकरराव म्हणाले, "हो. चूक झाली. दुरुस्ती करतो." आणि पुढं काही करताच येईना त्यांना. बराच वेळ नुसतंच नाक ओढणं ऐकू आलं.

मग त्यांनी विचारलं, "तू ऐकत होतीस?"

"रोज."

"मग हूं काहून नाही म्हणालीस?"

"तोंडच उघडत नव्हतं माझं. म्हणायचं म्हणून तयारी करायची, तोवर ती म्हणून टाकायची."

"ती कोण?"

"कुमुद."

कमलाकररावांना वाटलं, पोरगी भ्रमिष्ट झाली. पण अनघाच पुढं म्हणाली, "कार्टूनमधली. तिचं नाव कुमी असं काही आहे, आईला म्हणता यायचं नाही. आईनं तिचं कुमुद केलं."

आता मात्र ज्या प्रश्नासाठी ते रात्रभर जागले होते तो त्यांनी विचारला. "आईला... हुंकार कोण द्यायचं? तू, की ही?"

"कधी मी, कधी ती."

"आईला माहीत होतं?"

"पहिल्या आठवड्यातच ओळखलं तिनं. म्हणाली, ही कोण गं, नाकातून बोलणारी? मी सांगितलं, ही पण खोलीतून बाहेर जात नाही. त्यांच्या भाषेत उं म्हणजे हो. तर आई म्हणाली, मग बरं झालं, दोघी ऐका. तू दमलीस की ती हूं म्हणेल."

असं बघा. आम्ही इकडे सुहासिनीच्या भोळेपणासाठी रडत होतो, आणि ती दोन पोरींना कीर्तन सांगत होती.

त्या संध्याकाळी आणखी एक झालं. कमलाकरराव उठायला लागले तेव्हा अनघानं विचारलं, "बाबा, तो ध्रुव वनात गेला, त्याला देव भेटला, राज्य मिळालं, शेवटी विमान आलं. मग त्याच्या आईचं काय झालं?"

"ते बुवांनी सांगितलं नाही."

"आईनं पण नव्हतं सांगितलं. उद्या सांगते म्हणाली होती."

आत काय विचारून राहिली आहे ती, हे त्यांनाही कळलं आणि भिंतीआड मलाही. ते तसेच माझ्या दारात आले. "वहिनी, हा भाग पोथीत आहे का? की मी काही रचून सांगू?"

"रचायचं नाही," मी म्हटलं. "पोथीत आहे. बुवा वेळ संपत आला की गाळतात." आणि बसवून त्यांना सांगितलं. दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दिवा लावला, चटई टाकली. आत लॅपटॉप बंद होता.

"तर विमान आलं," त्यांनी सुरुवात केली. "देवाचे दोन सेवक सोबत. ध्रुव पाय ठेवणार, तेवढ्यात त्याला आई आठवली. मी लहानपणी घर सोडून निघालो, ती मागं राहिली. मी हा असा वरती चाललो, आणि तिला एकटीला टाकून कसा जाऊ? तो थांबला. त्याचं मन सेवकांनी ओळखलं. म्हणाले, महाराज, समोर बघा. त्यानं बघितलं. पुढं दुसरं विमान चाललं होतं. त्यात सुनीती बसलेली." इथं ते थांबले. मला वाटलं, काही विसरले की काय. पण नाही. गळा साफ केला आणि म्हणाले, "त्या अगोदरच रवाना झाल्या होत्या. त्याची वाट अडवायची नाही म्हणून."

हुंकार आला नाही. आत रडणं सुरू झालं होतं. मोठ्यानं, तोंडात ओढणी न कोंबता. ते दारावर हात ठेवून बसून राहिले.

"मी चपला घातल्या होत्या, बाबा," ती म्हणाली. "दवाखान्यात यायला. फाटकापर्यंत आले होते."

"ठाऊक आहे मला. मी डबा न्यायला आलो तेव्हा फाटक उघडं होतं. आत तुझ्या चपला उलट्यासुलट्या पडल्या होत्या."

"बोलला नाहीत."

"आईला बोललो. अनघा फाटकापर्यंत आली होती म्हणालो. तर नर्सला सांगत सुटली, माझी मुलगी निघाली आहे म्हणून."

मी माळ खाली ठेवली आणि उठून मागच्या अंगणात गेले. सगळंच आपण ऐकायचं नसतं.

दार उघडलं का, असं विचाराल. बोटभर उघडं असतं आता. अनघा बाहेर येत नाही, पण दाराला टेकून खाली बसते, अलीकडून बाप टेकतो. देवळात कीर्तन असलं की ते मला घेऊन जातात, ऑटोत कुठली राणी कोणती ते अजून विचारतात. नागपूरच्या एक डॉक्टरीणबाई फोनवर तिच्याशी बोलतात. फोन ती स्वतः उचलते. याहून जास्त मी सांगणार नाही, कारण याहून जास्त काही झालेलं नाही.

हां, पण एक फरक पडला. कीर्तन नसलं की त्या दिवशी गोष्ट अनघा सांगते आणि हुंकार कमलाकरराव देतात. ऑफिसात साहेबाला द्यायचे तसा, "हूं, हूं." ती कुमुदची गोष्ट सांगते. मी ऐकली आहे, वाटी परत करायला म्हणून गेले होते तेव्हा. उंच इमारतीत खोली, पडदे लावलेले. आई ट्रे ठेवून जाते, दारावर एकदा टकटक करते. कुमुद फोन कानाला लावून असते, पलीकडची मैत्रीण शाळेतलं काही काही सांगते, ही नुसती उं म्हणते. चित्र काढणाऱ्यानं एवढं निगुतीनं काढलं आहे म्हणे, की उशीवर तिच्या डोक्याचा खड्डासुद्धा दिसतो. पडद्याच्या फटीतून ऊन आत येतं आणि भिंतीवरून सरकतं. एका भागात तर दुसरं काहीच होत नाही. ऊन सरकतं आणि ती बघते.

"हूं," कमलाकरराव म्हणाले. "मग बाहेर केव्हा येते?"

"नाही येत."

"म्हणजे?"

"ती मालिका मधेच बंद पडली, बाबा. शेवट काढलाच नाही त्यांनी."

ते म्हणाले, "म्हणजे प्रकरण प्रलंबित."

अनघा हसली. खोकल्यासारखं आलं ते, पण हसणंच होतं. मग ती हळूच म्हणाली, "आई रोज गोष्ट संपली की हात जोडायची. देवा, माझ्या अनघाला सांभाळ, आणि त्या कुमुदलाही. आई गेल्यापासून तिचं कुणी नाव घेत नाही. मला जमत नाही, रडू येतं."

त्यानंतरच्या कीर्तनाला कमलाकरराव पहिल्यांदा पुढं बसले, सुहासिनी बसायची तिथं. आरती झाली, बुक्का लावला, सगळे उठले. हे डोळे मिटून पुटपुटत राहिले. परत येताना मला म्हणाले, "वहिनी, मी विसराळू माणूस आहे. रोज तिचं नाव घेणं एकट्याच्यानं होणार नाही. चार जणांना सांगून ठेवा."

म्हणून तुम्हाला सांगते आहे. तिला घर नाही, गाव नाही, रेघांची आहे ती, हे मलाही कळतं. पण दमलेल्या एका पोरीच्या वतीनं तिनं हुंकार दिला, आणि ज्यांनी तिला खोलीत बसवलं ते तिला तिथंच ठेवून निघून गेले. तुम्ही देवापुढं हात जोडाल तेव्हा घरच्या सगळ्यांची नावं घेऊन झाली, की शेवटी कुमुदची आठवण ठेवा.